साहेब, माईक आणि फाइल

आकाशवाणीच्या कार्यक्रम विभागात लागलेल्या माणसाची शिडी ठरलेली असते. खाली ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह. सगळे त्याला ‘ट्रेक्स’ म्हणतात. ड्यूटी रूममध्ये बसून क्यू शीटप्रमाणे एकेक कार्यक्रम वेळेवर जातोय ना हे तो पाहतो, आणि कुठे खंड पडला तर लॉगबुकात नोंद करतो. त्याच्या वर ‘पेक्स’, म्हणजे प्रोग्रॅम एक्झिक्युटिव्ह. वक्ते बोलावणं, कलाकारांना करारपत्रं पाठवणं, रेकॉर्डिंगच्या वेळा लावणं, संहितेतलं एखादं अडचणीचं वाक्य गोड बोलून काढायला लावणं, हे सगळं त्याच्या गळ्यात. मग असिस्टंट स्टेशन डायरेक्टर, मग स्टेशन डायरेक्टर, आणि मजल तिथवर गेलीच तर दिल्लीचं महासंचालनालय. यातली गोम अशी की प्रत्येक बढतीबरोबर माणूस स्टुडिओपासून एक मजला लांब जातो. पेक्स असतो तोवर कार्यक्रम करतो, डायरेक्टर झाला की करवून घेतो आणि दिल्लीला पोहोचला की कार्यक्रमांविषयीच्या पत्रांना उत्तरं देतो.

भारतातल्या रेडिओचा इतिहास बहुतेक वेळा आवाजांचा म्हणून सांगितला जातो. निवेदक, गायक, बातम्या वाचणारे. तो आवाज हवेत जाऊ देणाऱ्या खुर्चीतल्या माणसाकडे फारसं कुणी पाहत नाही. त्या खुर्च्यांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. नाव घेण्याजोगं काम खुर्चीवर बसूनही माईकजवळ राहिलेल्यांनी केलं. ही माणसं बहुधा बाहेरून आलेली होती, कुणी लेखक, कुणी प्राध्यापक, कुणी संगीतज्ञ. त्यांना टिकवून धरण्याची व्यवस्था मात्र या संस्थेने कधीच बसवली नाही.

सुरुवात झाली ती धंदा म्हणून. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं, महिनाभरानंतर कलकत्त्याचं केंद्र निघालं. दीड किलोवॅटचे दोन ट्रान्समीटर आणि अख्खा देश. कंपनीचा जनरल मॅनेजर एरिक डन्स्टन हा बीबीसीत निवेदक होता. आवाज उत्तम, पण प्रश्न आवाजाचा नव्हता. उत्पन्न परवाना शुल्कावर आणि आयात सामानावरच्या वाट्यावर अवलंबून. परवाने आठ हजारांच्या आतच अडकले आणि चोरून ऐकणारे त्याहून किती होते ते देव जाणे. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. महिन्याने सरकारने ती चालवायला घेतली, १९३१ च्या ऑक्टोबरात बंद करायचं ठरवलं, ओरड झाल्यावर नोव्हेंबरात निर्णय फिरवला. रेडिओ सरकारच्या पदरात आला तो असा, नको असलेल्या पाहुण्यासारखा. त्याचा परिणाम पुढे बराच काळ राहिला.

३० ऑगस्ट १९३५ रोजी लायोनेल फील्डन ‘कंट्रोलर ऑफ ब्रॉडकास्टिंग’ म्हणून रुजू झाला. त्याला पाठवलं बीबीसीच्या जॉन रीथने. रीथला स्वतःला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय व्हायचं होतं. ते जमलं नाही, निदान माणूस तरी आपला गेला. फील्डन बीबीसीच्या भाषण विभागात वाढलेला, चिडका, हजरजबाबी आणि साहेबी शिष्टाचारांचा मनस्वी कंटाळा असलेला. रेडिओ तेव्हा उद्योग आणि श्रम खात्याच्या ताब्यात होता, आणि एका यंत्राची खरेदी, एका माणसाची नेमणूक, प्रत्येक गोष्ट सचिवालयाच्या दारातून जायची. त्या सचिवालयाशी फील्डनचं शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याच्या कामाची रीत एका प्रसंगातून कळते. तो त्याने ‘द नॅचरल बेंट’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे लांबलचक नाव त्याला बदलायचं होतं आणि सचिवालय ऐकत नव्हतं. व्हाइसरॉयच्या मेजवानीनंतर त्याने लॉर्ड लिनलिथगो यांना गाठलं, आपण मोठ्या पेचात सापडलोय असा चेहरा केला आणि सल्ला विचारला. ‘ब्रॉडकास्टिंग’ हा शब्द इथल्या माणसाच्या जिभेला जड नाही का? मग दुसरं काय म्हणावं? एकेक पाऊल पुढे नेत त्याने व्हाइसरॉयच्याच तोंडून ‘ऑल इंडिया रेडिओ’ वदवून घेतलं आणि वर सुचलेल्या नावाबद्दल त्यांची तारीफ केली. ८ जून १९३६ पासून ते नाव लागू झालं. नियमाच्या वाटेने गेला असता तर फाइल अजून फिरत असती.

फील्डनने पाच वर्षांत काय केलं? दिल्लीत अलीपूर रोडवरच्या बंगल्यातून १ जानेवारी १९३६ रोजी केंद्र सुरू केलं. बीबीसीकडून एच. एल. कर्क यांना आणून देशाची तांत्रिक पाहणी करवली आणि सी. डब्ल्यू. गॉयडर हा मुख्य अभियंता मिळवला. या गॉयडरने १९२४ साली, शाळकरी वयात, लंडनच्या मिल हिल शाळेतून न्यूझीलंडशी बिनतारी संभाषण जुळवलं होतं, आणि ते जगातलं तशा प्रकारचं पहिलं मानलं जातं. थोड्या पैशांत एवढा देश व्यापायचा तर शॉर्टवेव्हला पर्याय नाही, हा निर्णय त्याचा. आवाज खरखरला तरी चालेल, पण पोहोचला पाहिजे. पुढची कित्येक दशकं खेड्यापाड्यांतला रेडिओ त्या खरखरीसकटच ऐकला गेला.

फील्डनच्याच कारकिर्दीतलं एक खातं मात्र उधारीचं. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. हार्मोनियमच्या ठरावीक सुरांत श्रुती आणि मींड बसत नाही, हा आक्षेप शास्त्राला धरून होता आणि त्याला इथल्याही मोठ्या माणसांचा पाठिंबा होता. पण गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनी जिला मैफिलीत मान मिळवून दिला, संगीत नाटकाच्या पडद्याआधी जिचा सूर कानावर यायचा, ती पेटी तीसेक वर्षं सरकारी स्टुडिओच्या दाराबाहेर राहिली. एका हुकमाने एखादं वाद्य हवेतून पुसता येतं, ही या खुर्चीची ताकद तेव्हा पहिल्यांदा दिसली.

फील्डननंतर आले ए. एस. बुखारी. उर्दू वाचणाऱ्यांना ते ‘पितरस बुखारी’ म्हणून ठाऊक आहेत. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, विनोदी लेखक, बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळणारे. १९४३ मध्ये कंट्रोलर हे पद जाऊन ‘डायरेक्टर जनरल’ आलं, त्यावर बसलेले ते पहिले. धाकटे भाऊ झुल्फिकार बुखारी मुंबई केंद्राचे डायरेक्टर. त्यामुळे ‘बीबीसी म्हणजे बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ हा विनोद तेव्हा सर्वतोमुखी होता. थोरल्या बुखारींनी लेखक रेडिओत ओढले. सआदत हसन मंटो, कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क एकाच वेळी दिल्ली केंद्रावर, म्हणजे केवढी भट्टी जमली असेल. मंटोने दीडेक वर्षात शंभराच्या घरात रेडिओ नाटकं लिहिली आणि संहितेत फेरफार झाल्यावर भांडून १९४२ मध्ये मुंबईची गाडी पकडली. याच बुखारींवर हिंदी साहित्यिकांचा उर्दूधार्जिणेपणाचा आरोप होता आणि त्यासाठी रेडिओवर बहिष्कारही झाला. फाळणीत दोघे भाऊ पाकिस्तानात गेले. धाकटे रेडिओ पाकिस्तानचे प्रमुख झाले, थोरले संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधी. भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली.

स्वातंत्र्यानंतर अधिकारी होते, पण साहेब बदलला. आता खरा साहेब मंत्री. १९४६ मध्ये हंगामी सरकारात हे खातं सरदार पटेलांकडे आलं, तेव्हाच कलावंतिणींच्या घराण्यातून आलेल्या गायिकांना रेडिओची दारं बंद करण्याचा आदेश निघाला होता. आणि १९५२ पासून दहा वर्षं मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात, डॉक्टरेट पॅरिसची. मंत्रिपदावर बसून स्टेशन डायरेक्टरचं काम करणारा दुसरा माणूस भारतीय रेडिओने पाहिलेला नाही.

केसकरांना दोन टोकांनी आठवतात. चित्रपटगीतं हटवणारा सोवळा मंत्री, किंवा शास्त्रीय संगीत घराघरांत नेणारा रसिक. दोन्ही खरं. २० जुलै १९५२ ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याची सूत्रं पंडित रविशंकरांकडे गेली. कलाकारांच्या चाचण्या कडक झाल्या आणि त्यांची धुरा श्रीकृष्ण रातंजनकरांकडे आल्यावर गावोगावच्या गवयांनी निषेधाची राळ उडवली. पन्नाशी गाठलेल्या उस्तादाला ‘हा राग गाऊन दाखवा’ म्हणणं कुणाला रुचणार? दर्जाची ती उतरंड, बी, बी-हाय, ए, टॉप, आजही गायकाच्या परिचयपत्रात ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ या शब्दांत मिरवते.

चित्रपटसंगीताचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. गाण्यांना चाळणी लागली, चित्रपटाचं नाव सांगणं बंद झालं, निर्मात्यांनी परवानगीच काढून घेतली आणि श्रोता हळूच काटा फिरवून कोलंबोला गेला. युद्धकाळात दोस्त फौजांसाठी उभारलेला दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सिलोनला आयता मिळाला होता. तिथल्या व्यापारी विभागाचा प्रमुख क्लिफर्ड डॉड हा ऑस्ट्रेलियन. त्याच्याकडे संगीतविषयक धोरण नव्हतं, दरपत्रक होतं. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि विमानाने सिलोनला जायचे. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांचे गठ्ठे पडू लागले. दिल्लीत बसलेल्या विद्वान मंत्र्याला मुंबईतल्या जाहिरातवाल्यांनी आणि कोलंबोतल्या एका परदेशी मॅनेजराने मिळून चीत केलं, असं म्हणायला हरकत नाही. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, ‘विविध भारती’ निघाली ती याच पराभवाची कबुली होती. आणि विविध भारतीवर जाहिराती यायला आणखी दहा वर्षं लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून त्या लागल्या, पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर.

तरीही केसकरांचं पारडं मी रिकामं मानत नाही, आणि त्याचं कारण पुण्यात आहे. चित्रपटगीतांची जागा भरून काढायला केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग काढले गेले. मराठीत भावगीताची परंपरा आधीच तयार होती, तिला सरकारी स्टुडिओ मिळाला. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांपुढे कल्पना मांडली: वर्षभर चालेल अशी गाण्यांची मालिका. चाली सुधीर फडक्यांच्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, या दिवशी ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत प्रसारित झालं.

यातला अधिकाऱ्याचा वाटा नीट पाहायला हवा, कारण तो गाण्यांत ऐकू येत नाही. दर आठवड्याला नवं गीत हवं. कवी एकच, संगीतकार एकच, गाणारे मात्र निरनिराळे: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, एका गीताला लता मंगेशकर. म्हणजे प्रत्येकाचं वेगळं करारपत्र, प्रत्येकाच्या तारखा, वादक, तालीम, स्टुडिओ. कवीची शाई वाळली नाही तर सगळं खोळंबणार. त्यात त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. पंचांगाने महिना वाढवला तशी मालिकाही वाढली आणि बावन्न गीतांची छप्पन्न झाली. शासकीय कामकाजात चार आठवड्यांची वाढ मागायची तर किती टिपणं फिरतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या चार गीतांचं मोल कळेल. १९ एप्रिल १९५६ ला मालिका संपली. गीतं वृत्तपत्रांत छापून यायची, लोक वह्यांत उतरवून घ्यायचे. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं ते विजयादशमीला, ३ ऑक्टोबर १९५७ ला. विविध भारती निघाली तो दिवस आणि हा दिवस एकच. केसकरांचा हट्ट कुठे फसला आणि कुठे फळला, दोन्ही एकाच तारखेला नोंदलं गेलं.

याच सुमारास पुण्याच्या परिसरात आणखी एक प्रयोग झाला. मराठी वाचकाला तो जवळजवळ माहीतच नाही. १९५५ पासून महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर: आयसीएस अधिकारी, आणि ‘कोणार्क’ लिहिणारे हिंदी नाटककार. १९५६ च्या फेब्रुवारीपासून युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळं बसवली गेली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, पुणे केंद्रावरून कार्यक्रम. गावातली पंधरावीस माणसं संचाभोवती बसून ऐकायची, मग संच बंद करून आपसांत चर्चा करायची, आणि शंका पुण्याला लिहून पाठवायची. उत्तर पुढच्या प्रसारणात. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने मंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना करून अहवाल दिला. माथुर आणि पॉल न्यूरथ यांच्या नावावर तो १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आला. मंडळं असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढली होती. मग योजना देशभर नेली, आणि पुढे तिचं तेच झालं जे आपल्याकडे यशस्वी प्रयोगांचं होतं. मंडळांची संख्या कागदावर फुगत गेली आणि पत्रांना उत्तर देणारा पुण्यातला तो पेक्स मात्र सोबत पाठवता आला नाही.

केसकरांनी आणखी एक तोड काढली होती: प्रोड्यूसर. नामवंत लेखक-कलावंतांना करारावर घ्यायचं आणि कार्यक्रमाची सूत्रं त्यांना द्यायची. हिंदीत सुमित्रानंदन पंत आले, मराठीत पु. ल. देशपांडे. बा. भ. बोरकर, मंगेश पाडगांवकर, यशवंत देव अशी माणसं आकाशवाणीच्या पगारावर असण्याचे ते दिवस. पण व्यवहारात कल्पना प्रोड्यूसरची आणि सही पेक्सची. प्रोड्यूसरला नाव होतं, पण खर्चाचा अधिकार नव्हता. पेक्सकडे अधिकार होता, पण त्याला कुणी ओळखत नव्हतं. ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून घेतलेल्या माणसांची गत त्याहून वाईट. ज्यांच्या आवाजावर केंद्र चाललं त्यांना वर्षानुवर्षं कराराची मुदत वाढवून घ्यावी लागे. सरकारी नोकर म्हणून त्यांची गणना व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. पु. लं.नी लवकरच ही नोकरी सोडली आणि मराठीचा फायदाच झाला. पण संस्थेच्या बाजूने पाहिलं तर ते गमावणंच होतं.

साठच्या दशकात व्ही. के. नारायण मेनन महासंचालक झाले. येट्सवर पुस्तक लिहिलेला, वीणा वाजवणारा हा माणूस पुढे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएत आला, आणि नरिमन पॉइंटच्या संस्थेला त्याने जी घडण दिली ती पाहिली की आकाशवाणीत त्याला किती कमी हातपाय पसरता आले हे जाणवतं. १९६६ साली अशोक चंदा समितीने सरळ सांगितलं की रेडिओ सरकारच्या खात्यातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्या. अहवालातला टीव्ही वेगळा करण्याचा भाग १९७६ मध्ये अमलात आला, उरलेला कपाटात गेला.

त्या कपाटाची किंमत आणीबाणीत चुकवावी लागली. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधानांनी आणीबाणीची बातमी रेडिओवरूनच दिली. दोन दिवसांत माहिती मंत्री बदलले, इंद्रकुमार गुजराल गेले आणि विद्याचरण शुक्ल आले. १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी हवेतून गायब झाली, कारण त्याने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला होता. तबकडी कपाटात ठेवणारा हात कुणातरी ड्यूटी ऑफिसरचाच. त्याच्यावर दात धरण्यात अर्थ नाही. वरचा हुकूम नाकारायला लागतं ते नोकरीचं संरक्षण, आणि पदाला स्वतःचा अधिकार. दोन्ही नव्हतं. जनता सरकारने नेमलेल्या बी. जी. व्हर्गीज समितीने ‘आकाश भारती’ न्यास सुचवला, सरकार पडलं. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि लागू झाला १९९७ मध्ये. मधल्या सात वर्षांत आलेल्या कुठल्याच सरकारला घाई नव्हती. लागू झाल्यावरही अधिकाऱ्यांची गंमत कायम राहिली: काम महामंडळाचं, नोकरी सरकारची, पैसा बहुतांशी खजिन्यातला.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या, आणि ३ जुलै २००१ ला बेंगळुरूत ‘रेडिओ सिटी’ हे पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. तिथे साहेबाचं नाव ‘स्टेशन हेड’, आणि त्याची नजर दरमहाच्या विक्रीवर. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दर वर्षी पंधरा टक्क्यांनी चढत होतं, त्यात काही केंद्रं बुडाली. २००५ च्या धोरणाने उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आणल्यावर धंद्याला श्वास आला. प्रोग्रॅमिंग हेडला गाणी निवडायची असतात ती संगणकाने सुचवलेल्या यादीतून, आणि स्वतंत्र बातमी द्यायला परवानगी नाही. म्हणजे हा साहेब मंत्र्यापासून मोकळा, पण डॉडच्या दरपत्रकाशी पक्का बांधलेला. डॉडकडे निदान सगळा उपखंड होता. याच्याकडे एक शहर.

आणि आकाशवाणीची शिडी? १९९० मध्ये कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र सेवा काढली, पण भरती जवळजवळ थांबलेली राहिली. माणसं निवृत्त होत गेली, खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अनेक केंद्रांवर आज कार्यक्रम अधिकारीच नाही; केंद्रप्रमुख म्हणून सही करतो तो अभियंता, आणि माईकवर असतात महिन्यातून ठरावीक ड्यूट्या मिळणारे हंगामी निवेदक. प्रसार भारतीचं स्वतःचं भरती मंडळ नेमलं गेलं २०२० मध्ये, कायदा झाल्यानंतर तीस वर्षांनी.